अमेरिकेची जीप आणि आमच्या गावचे खड्डे

जीपगाडी मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती १९५७ सालच्या थंडीत. तिच्यामागे धावताना ओढ्याच्या उताराला सपशेल पडलो आणि पुढचा एक दात गमावून बसलो. दात तसाही हलतच होता. पण पुढे कित्येक वर्षे आई आल्यागेल्याला ‘अमेरिकेने याचा दात पाडला’ असे मोठ्या कौतुकाने सांगत असे.

गावात त्या गाडीला सगळे ‘अमेरिकेची जीप’च म्हणत. वास्तविक तोवर मुंबईत महिंद्र मंडळी जीपा जुळवू लागली होती, आणि गाडीतले साहेब चांगले कोल्हापूरकडचे होते. पण विकासाच्या कामाला अमेरिकेची मदत आहे, एवढे कोणीतरी वर्तमानपत्रातून वाचून पारावर सांगितले होते. मग काय! बियाणे अमेरिकेचे, खताची पोती अमेरिकेची, फवारणीचा पंप अमेरिकेचा. या हिशेबाने माझे वडीलही थोडेसे अमेरिकेचेच ठरत होते, कारण ते ग्रामसेवक होते.

शहरात वाढलेल्या वाचकांना ग्रामसेवक म्हटले की ग्रामपंचायतीचे दप्तर सांभाळणारा, दाखले देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या काळचा ग्रामसेवक निराळा. सकाळी बांधावर जाऊन बियाणे कसे पेरावे ते सांगायचे, दुपारी कोंबड्यांना लस टोचवून घ्यायची, संध्याकाळी संडासाचा खड्डा कुठे असावा यावर व्याख्यान द्यायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना ‘ग म भ न’ शिकवायचे. शेतकी खाते, आरोग्य खाते, शिक्षण खाते अशी सारी खाती एका सायकलवर बसवून गावोगाव हिंडवायची, तेही तुटपुंज्या पगारात! अण्णांच्या वाट्याला दहा गावे होती आणि सायकलची साखळी दर मैलाला उतरत असे.

ही कल्पना मुळात कोणाची, याचा शोध मी निवृत्त झाल्यावर घेतला. तो घेता घेता थेट उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात जाऊन पोहोचलो.

आल्बर्ट मेयर हे न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर अभियंता म्हणून ते हिंदुस्थानात आले. इकडची खेडी पाहिली, पंडित नेहरूंशी ओळख झाली आणि बोलणे निघाले ते खेड्यांवरच. पुढे उत्तर प्रदेश सरकारने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. मुख्यमंत्री होते गोविंद वल्लभ पंत. १९४८ साली इटावा जिल्ह्यात महेवा येथे चौसष्ट गावांचा एक प्रयोग सुरू झाला. याच मेयरनी चंडीगढचा पहिला आराखडाही केला होता; नंतर ते काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले आणि नावही त्यांचेच झाले. शहर हातचे गेले, खेडी मात्र राहिली, असे त्यांच्याबाबतीत म्हणायला हरकत नाही.

महेवाची गंमत अशी की माणूस परका होता, पण पैसा बव्हंशी घरचा, म्हणजे राज्य सरकारचाच होता. मेयर आणि त्यांचे शेतकीतज्ज्ञ सहकारी होरेस होम्स यांचा आग्रह एकच. गावात जाणाऱ्याने आधी ऐकायचे, मग बोलायचे. शेतकऱ्याला काय हवे ते त्याच्या तोंडून निघू द्यायचे. चार-पाच गावांना एक कार्यकर्ता, तो गावकऱ्यांत बसणारा-उठणारा. ‘पंजाब ५९१’ नावाचा गहू आधी थोड्या रानात पेरून दाखवला, तागाचे हिरवळीचे खत गाडून दाखवले, आणि शेजाऱ्याचे पीक शेजाऱ्याने डोळ्यांनी पाहिल्यावर ते आपोआप पसरले. सहकारी वीटभट्ट्या निघाल्या. आणि आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: खालच्या माणसाने वरच्याला ‘साहेब, हे इथे चालणार नाही’ असे म्हणावे, यासाठी मेयर धडपडत होते. आपल्या सरकारी कचेरीत हे वाक्य उच्चारायला किती छाती लागते ते नोकरी केलेल्या वाचकांना मी काय सांगू?

इथपर्यंत सारे छान होते. मग पैसा आला.

१९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला होता. हिंदुस्थानातली उपाशी खेडीही त्याच वाटेने जातील, ही भीती अमेरिकेत अनेकांना वाटत होती. इथले त्यांचे राजदूत चेस्टर बोल्स यांचा ग्रामविकासावर भर होता, तो काही निव्वळ भूतदयेपोटी नव्हे. पण भीतीपोटी दिलेल्या दाण्यालाही अंकुर फुटतोच! ५ जानेवारी १९५२ रोजी दोन्ही देशांत तांत्रिक सहकार्याचा करार झाला. पाच कोटी डॉलरचा निधी ठरला आणि त्यातला काही भाग सामूहिक विकासाकडे वळला. फोर्ड प्रतिष्ठानने ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाला आणि प्रायोगिक प्रकल्पांना हात दिला. त्यांचे प्रतिनिधी डग्लस एन्स्मिंगर १९५१ साली दिल्लीला आले ते १९७० पर्यंत तिथेच राहिले. राजदूत येतात आणि जातात, हे गृहस्थ दोन तपे टिकायला थोडेच उरले होते. निलोखेडीला निर्वासितांची वसाहत उभी करणारे सुरेंद्रकुमार डे यांच्या हाती कारभार आला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीला, देशभर पंचावन्न ठिकाणी कामाला प्रारंभ झाला. लगेच पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा निघाली. शंभर गावांचा एक गट आणि गटाला दहा ग्रामसेवक, असा हिशेब बसला.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. महेवाला एका माणसामागे चार-पाच गावे होती, आमच्या अण्णांमागे दहा. रोपवाटिकेतले रोप मळ्यात लावले ते दुप्पट अंतरावर, आणि पाणी मात्र तेवढेच. शिवाय एक नवीन वस्तू वरून आली. तिचे नाव ‘उद्दिष्ट’. अमुक इतक्या कोंबड्या, तमुक इतके संडास, इतके कंपोस्टचे खड्डे. एकदा तर जपानी पद्धतीच्या भातशेतीचे परिपत्रक आमच्याकडे आले. आमचे गाव ज्वारी-बाजरीचे. भात आम्ही खाल्ला तर सणासुदीला, तोही वाटीभर. अण्णांनी ते परिपत्रक वाचून शांतपणे फायलीत लावले आणि खाली लिहिले, ‘माहिती दिली.’

आता खड्ड्यांचे सांगतो.

त्या वर्षी आमच्या गावाला कंपोस्टच्या शंभर खड्ड्यांचे उद्दिष्ट होते. अण्णा दारोदार हिंडले. लोक ऐकून घेत, चहा देत, ‘बघू की मास्तर’ म्हणत. (ग्रामसेवकालाही गावात मास्तरच म्हणायचे.) शेण गोवऱ्या थापायला लागत होते, खड्ड्यात घालायला ते उरणार कुठून? खटपट करून एकतीस खड्डे झाले. तेवढ्यात तालुक्याहून निरोप आला, की एक परदेशी पाहुणे गटाची प्रगती पाहायला येणार आहेत. दोन दिवस वाटेच्या कडेने कुदळी चालल्या. ओळीने खड्डे खणले गेले, कडा चुन्याने रंगवल्या. पाहुण्यांची जीप आली, धूळ उडवीत गेली. तीच ती माझ्या दाताची जीप. पाहुण्यांनी हात हलवला, खड्डे मोजले नाहीत. पुढच्या आठवड्यात वाटेवरचे खड्डे बुजवून टाकले, कारण रात्री त्यात एक म्हैस पडली होती.

अहवालात आकडा गेला एकशे बारा. खाली सही अण्णांची.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आईने विचारले तर म्हणाले, ‘‘पोट जड आहे.’’ मी आठ वर्षांचा होतो, पण पोट कशाने जड झाले ते मला कळले होते, कारण ओळीतल्या खड्ड्यांना चुना लावायला मीही गेलो होतो आणि मला त्याचे दोन आणे मिळाले होते.

हे फक्त आमच्याच गावी घडत होते, असे वाटण्याचे कारण नाही. या कार्यक्रमाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की कामाबरोबरच काम तपासणारी यंत्रणाही १९५२ सालीच उभी झाली होती. तिचे नाव कार्यक्रम मूल्यमापन संघटना, आणि तिच्या प्रमुखपदी होते आपल्या पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्राध्यापक द. गो. कर्वे. या संघटनेचे अहवाल सरकारचे, पण सरकारची भाटगिरी करणारे नव्हेत. लोक कामात मनाने उतरत नाहीत, गावाची बांधकामे होतात पण ती गावाला आपली वाटत नाहीत, हे त्यांत नोंदवलेले आहे. १९५७ च्या जानेवारीत बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नोव्हेंबरात अहवाल आला. त्याचा मथितार्थ सोपा होता: ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्या निवडलेल्या माणसांच्या हातात खरी सत्ता आणि खरा पैसा दिल्यावाचून हे चालणार नाही. गाव, गट आणि जिल्हा अशी तीन पायऱ्यांची लोकांची राज्यव्यवस्था हवी.

परदेशी मदतीबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक ‘त्यांनी आम्हाला वर काढले’, दुसरा ‘त्यांनी आम्हाला विकत घेतले’. मला दोन्ही खोटे वाटतात. परक्याने बियाणे दिले, शिकवणूक दिली, पैसा दिला. आणि त्या पैशाने काय होत नाही तेही आपल्याला लखलखीत दाखवून दिले. पंचायत राज्य हे त्या यशातून जन्मले नाही, त्या अपयशाच्या प्रामाणिक हिशेबातून जन्मले. तो हिशेब आपल्या माणसांनी मांडला, म्हणून त्याचा उपयोग झाला.

२ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा आरंभ झाला. महाराष्ट्र राज्य होताच यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मेहता समितीचे सगळेच उचलले नाही. मेहतांनी खरा भार गटावर टाकला होता आणि जिल्हा परिषदेवर कलेक्टरांना बसवले होते. नाईक समितीने कलेक्टरांना परिषदेबाहेर ठेवले आणि लोकांतून आलेल्या जिल्हा परिषदेलाच बळ दिले. १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. अण्णांची नोकरी सरकारकडून परिषदेकडे वर्ग झाली. पगार तोच, सायकल तीच, मालक बदलला.

बदललेला मालक कसा असतो ते पावसाळ्यानंतरच्या पंचायत समितीच्या सभेत कळले. आमच्या भागातून निवडून आले होते आमच्याच गावचे आबा. शिक्षण चौथी, डोक्याला पटका, आणि स्मरण असे की कोणत्या साली कोणाचा बैल मेला ते सांगतील. त्यांनी दप्तर मागवले. एकशे बाराचा आकडा दरसाल ‘मागील पानावरून पुढे’ चालत आला होता, त्यात पाच-पाच, सात-सातची भर पडत होती. आबा उभे राहून म्हणाले, ‘‘कागदावर आमच्या गावात सव्वाशेच्या वर खड्डं हायती. मी काल शिवार फिरलो. मला अठ्ठावीस गावले. बाकीचं गेलं कुठं?’’

साहेबांनी अण्णांकडे पाहिले. ‘वाहून गेले’, ‘बुजले’, ‘नोंद तपासून सांगतो’ अशी उत्तरे तयारच होती. अण्णा उठले आणि म्हणाले, ‘‘ते कधी खणलेच नव्हते. आकडा मी घातला.’’

आकडा घालायला कोणी सांगितले, हे त्यांनी सभेत सांगितले नाही, घरीही सांगितले नाही. त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. आईने शिवणयंत्रासाठी साठवलेले पैसे त्या वर्षी माझ्या शाळेच्या फीत गेले आणि यंत्र आले ते आणखी तीन वर्षांनी. आबांवर ती फार चिडली होती. गावचा माणूस, दहादा आपल्या हातचा चहा प्यालेला, आणि भर सभेत असे उठवावे!

दिवाळीच्या पाडव्याला आबा घरी आले. आईने आत जाऊन भांडी आपटली. आबांनी टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा ओट्यावर ठेवल्या आणि अण्णांना म्हणाले, ‘‘मास्तर, सही तुमची हुती म्हणून तुमाला इचारलं. वरच्याची असती तर त्यालाबी सोडला नसता.’’

‘‘विचारलंत ते बरं झालं,’’ अण्णा म्हणाले.

‘‘मग आता खरं सांगा. खड्डा किती खोल लागतो?’’

अण्णांनी कोपऱ्यातली फूटपट्टी घेतली, पायांत वहाणा सरकवल्या आणि दोघे मळ्याच्या वाटेला लागले. आई दारात येऊन पाहत राहिली. मग आत जाऊन तिने चुलीवर चहाचे आधण ठेवले, दोघांचे.