स्वाध्यायाचे मोल आणि व्यवसायनीतीची परीक्षा

मुळशी तालुक्यातील रिहे गावात राहून पदवीचा अभ्यास पुरा करू पाहणाऱ्या नोकरदार तरुणाची अडचण साधी आहे. महाविद्यालयाचे वर्ग ज्या वेळी भरतात, त्या वेळी तो पिरंगुटच्या एखाद्या कारखान्यात पाळीवर असतो, नाही तर हिंजवडीच्या एखाद्या कचेरीत हिशेब लिहीत असतो. अभ्यासासाठी उरतो तो रात्रीचा तास-दीड तास. एवढ्या वेळात, कोणाच्याही वर्गात न बसता, त्याने एखादा विषय स्वतःच्या बळावर आत्मसात केला, तर विद्यापीठाने त्या ज्ञानाचे मोल करावे काय? आणि करावयाचे तर ते कोणत्या मापाने? विषय जमाखर्चाचा असेल तर उत्तर फारसे अवघड नाही. ताळेबंद जुळला की काम झाले. परंतु विषय व्यवसायनीतीचा असेल तर हा प्रश्न अधिक बारकाईने तपासावा लागतो.

वर्गाबाहेर शिकून परीक्षेस बसण्याची कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली महाविद्यालयात हजर न राहणाऱ्यांसही आपल्या परीक्षा खुल्या केल्या. त्याआधी एक वर्ष, १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्याच धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्मास आले. पुढे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. शेतमजूर, गृहिणी, पोलीस शिपाई, कारकून अशा असंख्य लोकांना या संस्थांनी पदवीचे दार उघडून दिले. तरीही 'बहिःस्थ' हा शब्द आपल्याकडे अजून किंचित खालच्या आवाजात उच्चारला जातो. वर्गात झोपा काढणारा विद्यार्थी नियमित, आणि दिव्याखाली जागणारा तेवढा बहिःस्थ, ही आपली वर्गवारी आहे.

तासांचा हिशेब

अमेरिकेत यापुढे एक पाऊल टाकले गेले आहे. तेथे १९६७ पासून रुळलेल्या पद्धतीनुसार विद्यार्थी एखाद्या विषयाचा स्वतंत्र अभ्यास करून केवळ परीक्षा देतो आणि त्या विषयाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, पदरात पाडून घेतो. मूळ सैनिकांसाठी योजलेल्या अशाच एका परीक्षामालेत 'व्यवसायनीती आणि समाज' हाही विषय आहे. दोन तासांचा अवधी, सुमारे शंभर बहुपर्यायी प्रश्न, आणि उत्तीर्ण झाल्यास बहुधा तीन श्रेयांक, असे तिचे स्वरूप आहे.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या अभ्यासक्रमांतून आणि २०२१ च्या शैक्षणिक श्रेयांक पेढीतून या दिशेने वाटचाल झाली आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका श्रेयांकासाठी तीस तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे. तीन श्रेयांक म्हणजे नव्वद तास. रोज दीड तास बसणाऱ्या नोकरदारास हे काम साठ दिवसांचे, म्हणजे सुट्ट्या व आजारपण धरून तीन महिन्यांचे आहे. ते कोणाही निश्चयी माणसाच्या आवाक्यात आहे. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, आराखड्याने मोजला आहे तो विद्यार्थ्याच्या अध्ययनाचा वेळ. केवळ बाकावर बसण्याचा नव्हे. स्वाध्यायास तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. प्रश्न उरतो तो या नव्वद तासांत काय करावयाचे, याचा.

आज बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर बाजारातील गाइड देते. व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, तोटे, अपेक्षित प्रश्न. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम विद्यार्थी पाठ करतो. पाचशे कोटींचे निव्वळ मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वासाठी खर्च करावेत, हे तो बिनचूक लिहितो. परंतु उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणत्या मार्गाने मिळविले, हा जो व्यवसायनीतीचा खरा प्रश्न, तो गाइडच्या पानांत क्वचितच सापडतो.

तालुक्यातील पाठ्यपुस्तक

हा प्रश्न समजून घेण्यासाठी रिहे गावातील विद्यार्थ्यास दूर जावे लागत नाही. त्याच्याच तालुक्यात, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा सेनापती बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथे सोडून त्यापासून मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज पुरवावयाची, अशी योजना होती. त्यासाठी सुमारे पन्नास गावांतील अकरा हजारांच्या आसपास लोकांच्या जमिनी व घरे जाणार होती. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. बापटांनी दीर्घ कारावास भोगला. धरण मात्र झाले आणि आजही आहे.

आता पुस्तकातील सिद्धांत या घटनेस लावून पाहावेत. मिल्लचा उपयुक्ततावाद विचारील की, लाखोंच्या मुंबईस मिळणारी वीज आणि मावळ्यांचे विस्थापन, यांची बेरीज-वजाबाकी काय येते? कांट म्हणेल की, माणसास केवळ साधन म्हणून वापरण्याचा अधिकार कोणासही नाही. मग बेरीज कितीही मोठी असो. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या मतानुसार खेळाचे नियम पाळून नफा वाढविणे हेच उद्योगाचे सामाजिक कर्तव्य होय. आणि १८९४ चा भूसंपादन कायदा तर कंपनीच्या बाजूने होता. एडवर्ड फ्रीमन यांचा १९८४ मधील विचार याच्या उलट दिशेने जातो: उद्योगाच्या निर्णयाने ज्यांचे बरेवाईट होते ते सर्वच त्यात हितसंबंधी आहेत. गांधीजींची विश्वस्तवृत्ती आणखी वेगळी कसोटी लावते. आणि या सर्वांहून अवघड प्रश्न मुळशीच्या इतिहासातच दडलेला आहे. तेथील पुष्कळ जमीन पुण्यातील सावकारांच्या नावावर होती आणि त्यांतील अनेकांना मोबदला घेण्यात अडचण वाटत नव्हती. मोबदला मालकास, आणि विस्थापन कसणाऱ्यास, हा व्यवहार कायदेशीर असूनही न्याय्य होता काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी ऐंशी टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची आणि सामाजिक परिणामांच्या तपासणीची अट आली, तिची मुळे अशाच प्रश्नांत आहेत.

हा झाला शंभर वर्षांपूर्वीचा धडा. अलीकडचा धडा ७ जून २०२१ चा आहे. त्या दिवशी याच तालुक्यातील उरवडे येथे एका रासायनिक कारखान्यास आग लागली आणि सतरा कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कारखान्यात बाहेर पडण्याची वाट किती रुंद असावी, ज्वालाग्राही माल कोठे ठेवावा, त्याजवळ काम करणाऱ्या बाईस धोक्याची कल्पना कोणी द्यावी, हे प्रश्न अभ्यासक्रमात 'कामगारांप्रती जबाबदारी' या कोरड्या शीर्षकाखाली येतात. रात्री अभ्यास करून सकाळी अशाच एखाद्या कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या विद्यार्थ्यास ते शीर्षक कोरडे वाटणार नाही. किंबहुना, अठरा वर्षांच्या नियमित विद्यार्थ्यापेक्षा त्यास या विषयाची जाण अधिक असण्याचा संभव आहे. उद्या तो पर्यवेक्षक झाला, तर मालाची पोती वाटेत रचू द्यावयाची की नाही, हे त्यालाच ठरवावे लागेल.

परीक्षेची नीती

म्हणूनच केवळ परीक्षेवर श्रेयांक देण्याची पद्धत अधिक व्यापक व्हावी. मात्र परीक्षेचे स्वरूप बदलल्यावाचून तिला अर्थ राहणार नाही. या विषयात बहुपर्यायी प्रश्नांनी फार तर संज्ञांची ओळख तपासावी. किमान निम्मे गुण एखाद्या प्रत्यक्ष घटनेवरील लेखी विवेचनास असावेत आणि ती घटना विद्यार्थ्याने आपल्या परिसरातून निवडलेली असावी. त्यावर तालुक्याच्या ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांची तोंडी परीक्षा झाली, तर पाठांतर कोणाचे आणि विचार कोणाचा, हे अनुभवी शिक्षकास सहज कळेल. यास खर्च येईल, शिक्षकांचा वेळ जाईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु वर्षभराचे वर्ग चालविण्याच्या खर्चापुढे तो अल्पच ठरावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नीतीचा विचार एकट्याने होत नाही. त्यास दुसऱ्याचा प्रतिवाद लागतो. वर्गाचे खरे मोल तेथेच आहे आणि स्वाध्यायाची खरी उणीवही तीच आहे. यावर उपाय विद्यार्थ्यानेच योजला पाहिजे. नव्वदांपैकी तीस तास सिद्धांतांना आणि तीस तास घटनांच्या वाचनास दिल्यावर उरलेले तीस तास लिहिण्यास आणि लिहिलेले दुसऱ्यास वाचून दाखविण्यास द्यावेत. तो दुसरा प्राध्यापकच असला पाहिजे असे नाही. गावच्या वाचनालयात बसणारा निवृत्त शिक्षक, ज्याची जमीन प्रकल्पात गेली असा शेतकरी, किंवा पाळीवरचा सोबती, यांपैकी कोणीही त्याच्या युक्तिवादातील पोकळ जागा दाखवू शकेल.

राहता राहिली कॉपीची गोष्ट. व्यवसायनीतीच्या परीक्षेत चिठ्ठ्या आढळाव्यात, यासारखी विसंगती नाही. परंतु ती घडते, आणि तिचा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. प्रश्न वर्षानुवर्षे तेच ठेवणारी, गाइडमधील वाक्यांना पैकीच्या पैकी गुण देणारी परीक्षा त्याला हा मार्ग दाखविते. विद्यापीठांनी श्रेयांकांची पेढी उघडली आहे. त्या पेढीत जमा होणारे नाणे खरे आहे की खोटे, हे पारखण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. दिवसभराची पाळी संपवून पुस्तक उघडणाऱ्या तरुणाने आपले नव्वद तास प्रामाणिकपणे दिले असतील, तर ते प्रामाणिकपणे मोजले जाणे हा त्याचा हक्क आहे.