कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव का होतो?

बाळ सातव्या महिन्यातच जन्मले. एनआयसीयूमध्ये काचेच्या पेटीत आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर डोक्याची सोनोग्राफी करतात आणि सांगतात, "मेंदूत थोडा रक्तस्राव दिसतो आहे." हे ऐकल्यावर बहुतेक आयांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो स्वतःबद्दलचा: माझे काय चुकले? जड उचलले म्हणून झाले का? जिने चढले म्हणून?

तसे नाही. हा रक्तस्राव बहुतेक वेळा जन्मानंतर, पहिल्या तीन दिवसांत होतो. त्याचे मूळ कारण म्हणजे त्या वयात मेंदूतील रक्तवाहिन्यांचे बांधकाम अजून पुरे झालेले नसते.

मेंदूत रक्तवाहिन्या कशा तयार होतात?

गर्भाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या आधी पृष्ठभागावर तयार होतात आणि तिथून आत शिरतात. या कामात ग्लिया पेशींचा मोठा वाटा असतो. मेंदूत दोन प्रकारच्या मुख्य पेशी असतात. संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी. 'ग्लिया' हा ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ गोंद. पूर्वी या पेशी फक्त मेंदू चिकटवून ठेवतात असा समज होता. आता कळले आहे की वाढत्या मेंदूत त्या वाट दाखवण्याचे कामही करतात. काही ग्लिया पेशींचे लांब धागे मेंदूच्या आतल्या पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत ताणलेले असतात. वेल दोरीवर चढावा तशा नव्या चेतापेशी या धाग्यांवरून आपल्या जागी पोहोचतात. आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांनाही याच धाग्यांचा आधार मिळतो.

मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेला 'जर्मिनल मॅट्रिक्स' नावाचा एक भाग असतो. ही मेंदूच्या पेशींची रोपवाटिकाच म्हणा. इथे पेशी इतक्या वेगाने वाढतात की ऑक्सिजन कमी पडतो. मग या पेशी व्हीईजीएफ नावाचे रसायन सोडतात आणि त्या हाकेला प्रतिसाद म्हणून नव्या रक्तवाहिन्या भराभर फुटतात.

मग त्या नाजूक का असतात?

कारण घाईने झालेले बांधकाम कच्चे असते. पक्क्या रक्तवाहिनीला बाहेरून तीन आधार असतात: तिला मिठी मारून बसणाऱ्या पेरिसाइट पेशी, भिंतीभोवतीचा प्रथिनांचा पातळ थर, आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या ग्लिया पेशींनी आपल्या टोकांनी घातलेला वेढा. जर्मिनल मॅट्रिक्समध्ये हे तिन्ही आधार अपुरे असतात. विटा रचल्या आहेत, पण गिलावा व्हायचा आहे, अशी ही भिंत.

आईच्या पोटात असेपर्यंत याचा त्रास होत नाही. साधारण 34 ते 36 आठवड्यांपर्यंत जर्मिनल मॅट्रिक्स जवळजवळ नाहीसे होते. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळात असा रक्तस्राव क्वचितच होतो. पण बाळ 32 आठवड्यांच्या आत किंवा 1500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मले, तर श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, रक्तदाबातील चढउतार यांचा भार त्या कच्च्या भिंतींवर पडतो आणि एखादी फुटू शकते.

'ग्रेड' म्हणजे काय?

- ग्रेड 1: रक्तस्राव जर्मिनल मॅट्रिक्सपुरताच.
- ग्रेड 2: रक्त पोकळीत उतरले, पण पोकळी फुगलेली नाही.
- ग्रेड 3: रक्ताने पोकळी फुगली आहे.
- ग्रेड 4: शेजारच्या मेंदूलाही इजा झाली आहे.

ग्रेड 1 आणि 2 मधील बहुतेक मुलांची वाढ चांगली होते. ग्रेड 3 आणि 4 मध्ये सेरेब्रल पाल्सी आणि विकासात मागे पडण्याचा धोका वाढतो, पण प्रत्येक मुलाला तसे होतेच असे नाही. तपासणी टाळूवर यंत्र ठेवून होते. तिच्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा केली तरी बाळाला अपाय नाही.

टाळण्यासाठी काय करता येते?

झालेला रक्तस्राव थांबवणारे औषध नाही. म्हणून आधीची काळजी मोलाची. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर थांबून वाट पाहू नका. शक्य असेल तर एनआयसीयू असलेल्या रुग्णालयातच जा. तिथे आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅमचे चार डोस, दर 12 तासांनी. त्यांनी बाळाची फुप्फुसे तयार होतात आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही कमी होतो. सगळे डोस पुरे होण्याइतका वेळ नसला, तरी पहिला डोस घ्यावा.

घरी गेल्यावर

रक्त पोकळीत साचल्यास पाण्याची वाट अडते आणि डोके वेगाने वाढू शकते. त्यासाठी डोक्याचा घेर ठरल्याप्रमाणे मोजून घ्या. पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:

- बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली, ताणलेली वाटणे
- वारंवार उलट्या
- दूध न ओढणे, सुस्ती
- डोळे सतत खाली वळलेले दिसणे
- झटके येणे किंवा श्वास थांबणे (अशा वेळी क्षणाचाही विलंब नको)

टाळू भरताना आजीच्या हाताला असा फुगवटा आधी जाणवू शकतो. तिचे म्हणणे उडवून लावू नका.

डोळ्यांची तपासणीही चुकवू नका. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच भाग. तिथेही अ‍ॅस्ट्रोसाइट पुढे पसरतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मागोमाग जातात. बाळ लवकर जन्मले की हे कामही अर्धवट राहते आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणून 34 आठवड्यांच्या आत किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासून घ्यावेत. फारच लहान बाळांचे त्याहून आधी.

बाळ केव्हा बसते, केव्हा चालते हे पाहताना वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. किमान दोन वर्षे नियमित तपासणी ठेवा. कुठे उणीव दिसली तर व्यायामोपचार लगेच सुरू करता येतात. लहान मुलाचा मेंदू अजून घडत असतो, म्हणून लवकर केलेल्या प्रयत्नांचा उपयोग जास्त.