रेगेन्सबर्गचे धुके आणि ओले कपडे

आपल्या बेटावर कपडे वाळवायला ऊन पुरते. जर्मनीत डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबर्गला मूल शिकायला गेले, की हिवाळ्यात धुके हलत नाही आणि खोलीत ओले कपडे टांगले तर भिंतींना बुरशी धरते. म्हणून ड्रायर. तो तापत नाही असा फोन आला, तर आम्ही पालकांना सांगतो: आधी यंत्राची जात विचारा.

1 जुलै 2025 पासून युरोपीय संघात बाजारात येणारे नवे घरगुती ड्रायर हीट पंपाचे असतात. ते कमी उष्णतेवर, सावकाश वाळवतात. कपडे कोमट निघाले तर तो बिघाड नव्हे. कोरडे झाले ना, एवढेच पाहावे.

तापणाऱ्या तारेच्या जुन्या यंत्रात मात्र जाळीत कपड्यांचे तंतू साचले, की वारा अडतो, तार अति तापते व सुरक्षा-स्विच तिची वीज तोडतो. ड्रम फिरतो, ऊब नाही. प्लग काढून यंत्र निवू द्यावे, जाळी साफ करावी. तरी थंडच राहिले तर कारागीर. यंत्र घरमालकाचे असल्यास त्याला कळवावे. स्विच टाळून तार थेट जोडण्याची हुशारी नको. ते तंतू कापसासारखे पेटतात.