शंभर मालकांचा एक हमाल

१९६०च्या दशकात मुंबईच्या मशीद बंदर परिसरातला हमाल सकाळी एका पेढीची साखर ट्रकमधून उतरवी, तासाभराने शेजारच्या गाळ्यात तांदळाची थप्पी लावी आणि दुपारी तिसऱ्याच व्यापाऱ्याचा माल हातगाडीवर घालून निघे. पोती शंभर-शंभर किलोची, मजुरी नगावर. पाठ धरली तर औषधपाणी कोणी करायचे? म्हातारपणी ग्रॅच्युइटी कोणाकडे मागायची? ‘हा माणूस माझ्या पगारपत्रकावर नाही’ असे प्रत्येक व्यापारी म्हणे, आणि ते खोटेही नसे.

कायदे तेव्हाही थोडे नव्हते. वेतन प्रदान कायदा १९३६चा, औद्योगिक विवाद कायदा १९४७चा, कारखाने कायदा १९४८चा, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२चा. पण हे सगळे घडले ते गिरणीतला किंवा कारखान्यातला कामगार डोळ्यांपुढे ठेवून. त्याला एक फाटक, एक हजेरीपट आणि एक मालक असतो. बाजारपेठेतल्या हमालाकडे यांपैकी काहीच नव्हते. मालक सिद्ध करता आला नाही की हक्कही सिद्ध होत नाही, अशी ती अडचण होती.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून मुंबईत आलेले आणि स्वतः हमाली केलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत पन्नाशीच्या दशकापासूनच उभी होती. मोर्चे, संप, सरकारी समिती अशी वळणे घेत १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याने मालक शोधण्याची खटपटच सोडून दिली, आणि खरी हुशारी तिथेच आहे. शंभर व्यापारी आणि हजार हमाल यांच्या मध्ये त्याने एक मंडळ बसवले. बाजारात सगळे त्याला ‘बोर्ड’ म्हणतात. बोर्डात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने तिथे नोंदणी करायची, हमालांच्या टोळीनेही करायची. गोदी कामगारांसाठी १९४८च्या केंद्रीय कायद्याने अशीच व्यवस्था आधी घालून दिली होती. महाराष्ट्राने ती बंदराच्या भिंतीबाहेर काढून बाजारात, रेल्वेच्या मालधक्क्यावर आणि लोखंडाच्या वखारींत आणली.

व्यवहार असा चालतो. टोळीने किती पोती उतरवली याची नोंद होते आणि ठरलेल्या दराने मजुरीचा हिशेब निघतो. व्यापारी ती रक्कम टोळीच्या हातात न देता बोर्डात भरतो, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो. बोर्डागणिक लेव्हीचा दर वेगळा. मजुरी टोळीत वाटली जाऊन प्रत्येकाच्या नावावर जमा होते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, औषधोपचार यांची सोय होते. म्हणजे कामगार आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे राबला तरी त्याचे खाते एकाच ठिकाणी वाढत राहते. पाठीवर पोते घेणाऱ्यापुरताच हा कायदा नाही. किराणा बाजारासाठी परिशिष्टात जी कामे दिली आहेत त्यांत वजन करणे, पोती भरणे, ती शिवणे, धान्य निवडणे आणि साफ करणेही आहे.

बाजार पुढे वाशीला गेला, लोखंड कळंबोलीला गेले. कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसाच्या नावावर मुंबईजवळ घर होणे ही गोष्ट सहज घडलेली नाही. भविष्यनिर्वाह निधीचे खाते, कर्ज काढताना दाखवता येणारी पगाराची नोंद, असल्या रुक्ष कागदांचा त्यात मोठा वाटा आहे.

सगळे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल २०२४मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले, ते हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादावरून. शेतकऱ्याच्या पट्टीतून काय कापायचे, व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशातून काय द्यायचे, यावर व्यापारी आणि माथाडी अडून बसले आणि कांदा शेतकऱ्याच्या दारात पडून राहिला. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात दुसरेच दुखणे आहे. माथाडीचे नाव पुढे करून गुंड कंपन्यांकडून पैसे उकळतात, अशी उद्योजकांची तक्रार जुनी आहे. ती खोटी नाही. पण खंडणीसाठी फौजदारी कायदा आहेच. गुंडाच्या निमित्ताने हमालाचे संरक्षण पातळ करणे हा उपाय नव्हे. २०२३च्या दुरुस्ती विधेयकाला संघटनांनी विरोध केला तो याच भीतीपोटी. त्यातला एक वाद यंत्राचा होता. फोर्कलिफ्टने माल हलवला तर ते अंगमेहनतीचे काम धरायचे की नाही, हा प्रश्न गोदामांत रोजचाच झाला आहे.

तिसरे दुखणे शासनाचे स्वतःचे. बोर्डांवर प्रतिनिधी वेळेवर नेमले जात नाहीत आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राहतो, असे संघटना वर्षानुवर्षे सांगत आहेत. त्रिपक्षीय बोर्ड एकपक्षीय झाले की दरवाढीचा करार लांबतो आणि नोंदणी चुकवणाऱ्या मालकाला कोणी विचारत नाही.

तरीही या चौकटीची नक्कल होत राहिली. खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली असाच कायदा केला. आपल्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार त्या मंडळात नोंदलेला आहे का, हे वाचकाला एका चौकशीत कळू शकते. राजस्थानने २०२३ साली ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. कामगाराची नोंदणी, कल्याण मंडळ, प्रत्येक व्यवहारावर शुल्क हे त्याचे तीन टेकू माथाडी कायद्याशी जुळणारे आहेत. एका दिवसात तीन ॲपवरून पार्सले पोचवणाऱ्या मुलाची अडचण मशीद बंदरच्या हमालापेक्षा फारशी वेगळी नाही. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही अशा कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम घेण्याची तरतूद केली आहे.

केंद्राचे २९ कामगार कायदे चार संहितांत गुंडाळले गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या अमलात आल्या. माथाडी कायदा राज्याचा असल्याने त्या २९मध्ये तो नव्हता. तो टिकवायचा की झिजू द्यायचा, हे दिल्लीत नव्हे तर मुंबईत ठरणार आहे. सरकारच्या मनात तो टिकवायचा असेल, तर बोर्डांवरच्या रिकाम्या खुर्च्या आधी भराव्यात. त्यासाठी नवे विधेयक लागत नाही.