चित्रपट लावून देऊ नये, सोबतीने पाहावा

घरात अडकून पडणे म्हणजे काय, हे २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनीच अनुभवले. त्या वर्षी २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ सालची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवण्यास आरंभ केला आणि अनेक घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एका पडद्यासमोर बसले. पुढे टाळेबंदी उठली. तरुण कामावर गेले, मुले शाळेत गेली. अनेक वृद्धांची टाळेबंदी मात्र अद्याप उठलेली नाही. कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते, कोणाला पक्षाघात झालेला असतो, कोणाचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. आणि आमच्या मेहकरसारख्या गावात वैशाखातील दुपारी धडधाकट माणसालाही दार लावूनच बसावे लागते.

‘‘डॉक्टर, आईला सिनेमा लावून देतो, तेवढाच तिचा वेळ जातो,’’ असे मुले-सुना दवाखान्यात सहजपणे सांगतात. त्यात गैर काहीच नाही. शुश्रूषा करणाऱ्यालाही घटकाभर पाठ टेकावी लागते आणि त्याबद्दल मनात अपराधाची भावना बाळगण्याचे कारण नाही. परंतु दिवसातून एखादा चित्रपट तरी शेजारी बसून पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो. त्याची कारणे वैद्यकीय आहेत.

पहिले कारण स्मृतीचे. साधारणपणे वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांतील आठवणी उतारवयातही अधिक टवटवीत राहतात, असे मानसशास्त्र सांगते. म्हणून चित्रपट निवडताना तो आपल्याला आवडतो की नाही, हे न पाहता ज्येष्ठांच्या जन्मसालाचा हिशेब करावा. आज जे ऐंशीच्या आसपास आहेत, त्यांचे तारुण्य पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेल्या ‘सांगत्ये ऐका’चे (१९५९), राजा परांजपे यांच्या ‘जगाच्या पाठीवर’चे (१९६०) आणि ‘पिंजरा’चे (१९७२) आहे. जे पासष्टीत आहेत, त्यांच्या मनात दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘शोले’ (१९७५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ताजे असतील. त्याहून जुना ‘संत तुकाराम’ (१९३६) तर पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. कोणी तो यात्रेतील तंबूत, जमिनीवर बसून पाहिला असेल. असा चित्रपट सुरू झाला की केवळ कथाच आठवते असे नाही. सोबत कोण होते, तिकीट किती आण्यांचे होते, घरी परतल्यावर कोण रागावले, हेही आठवू लागते. स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभीच्या काळात अशा गप्पा रुग्णाला शांत करतात. आजार त्यामुळे बरा होत नाही, पण दिवस बरा जातो. आणि शुश्रूषेत हे थोडे नव्हे.

आता वाईट चित्रपटांविषयी. जत्रेत हरवलेले भाऊ गळ्यातील ताइतावरून ओळखू येतात, नागीण सूड घेते, नायकाच्या एका ठोशाने दहा गुंड उडतात आणि सारे संपल्यावर पोलीस येतात. असे चित्रपट सुशिक्षित मंडळी नाक मुरडून बंद करतात. माझे मत निराळे आहे. असा चित्रपट पाहताना मध्येच डुलकी लागली तरी काही बिघडत नाही, कथेचा शेवट सर्वांनाच ठाऊक असतो आणि हसण्यास, टीका करण्यास भरपूर वाव असतो. दिवसभर ‘औषध घ्या’, ‘उठू नका’ एवढेच ऐकणाऱ्या माणसाला येथे प्रथमच स्वतःचे मत मांडता येते. ‘‘अरे, हा मेला होता ना मघाशी?’’ असे आजोबा ठासून विचारतात, तेव्हा त्यांचे लक्ष, स्मरण, वाणी आणि विनोदबुद्धी ही सारी एकदम कामाला लागलेली असतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. शेजारी बसणाऱ्याला जे दिसते, ते दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरला दिसत नाही. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आवाज दर महिन्याला वाढवावा लागत असेल, तर कान तपासून घ्यावेत. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना हल्ली काही समजत नाही, पडद्यावर कोण कोणाचे हे त्या सारखे विचारतात, अशी मुलाची तक्रार होती. त्यांच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर विचारणे थांबले. मात्र एखाद्या कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

अंधारातील दृश्ये दिसत नसतील, माणूस खुर्ची पुढे पुढे ओढत असेल, तर मोतीबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम यांचा विचार करावा लागतो. पडद्याची एक बाजू अचानक दिसेनाशी होणे हा मात्र पक्षाघाताचा इशारा असू शकतो. तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

नव्या चित्रपटातील नावे विसरणे स्वाभाविक आहे. वीस वेळा पाहिलेल्या चित्रपटाचा धागा हळूहळू सुटू लागला, तर स्मरणशक्तीची तपासणी करावी. हाच गोंधळ एक-दोन दिवसांत उद्भवला असेल, तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध ही कारणे असतात आणि उपचारांनी ती बहुधा दूर होतात. दोन आठवडे आवडत्या चित्रपटाकडेही पाठ फिरवली जात असेल, तर ते केवळ वय नव्हे. नैराश्य असू शकते आणि त्यावर उपाय आहेत.

आता पथ्य. जुन्या चित्रपटगृहांनी दिलेली सर्वांत आरोग्यदायी गोष्ट म्हणजे मध्यंतर, आणि मोबाईलवर नेमके तेच नाहीसे झाले आहे. घरात ते आपण पाळावे. दर पाऊण तासाने चित्रपट थांबवावा. चालता येत असेल त्यांनी आधार धरून खोलीत चार फेऱ्या घालाव्यात. बसूनच असतील त्यांनी दोन्ही पावले वीस वेळा वर-खाली करावीत. पोटरीचे स्नायू हलले नाहीत, तर पायांत रक्त साकळू शकते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर तातडीने दाखवावे. अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. याच मध्यंतरात पाणी, लघवी आणि औषधाची वेळ सांभाळावी. पाण्यावर बंधन असलेल्या हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलेच प्रमाण पाळावे. चिवडा-चकलीची वाटी समोर ठेवू नये. पाहता पाहता ती संपते आणि रक्तदाब वाढवते.

रात्री झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद असावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मारामारीचे, खुनाचे चित्रपट दाखवू नयेत. पडद्यावरील गुंड घरात शिरला आहे, असे त्यांना खरोखर वाटू शकते. त्यांच्यासाठी गाण्यांचे चित्रपट उत्तम. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर रडवणारा चित्रपट आपण होऊन लावू नये; त्यांनीच मागितला, तर मात्र अडवू नये आणि जवळ बसावे.

सुरुवात अवघड नाही. आज संध्याकाळी आपल्या घरातील ज्येष्ठांना एवढेच विचारावे : आयुष्यात पहिला सिनेमा कोणता पाहिला आणि कोणाबरोबर? उत्तर शांतपणे ऐकावे. उद्या कोणता चित्रपट लावावा, हे त्यातूनच कळेल.