शीड उतरवता येते, फलक नाही

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता वडखळला फुटतो. अशा फाट्यांवर जाहिरातफलकांची दाटी का होते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी 100 मीटर अंतर 6 सेकंदांत कापते. तेवढ्यात फार तर सात-आठ शब्द वाचून होतात. नाक्यावर मात्र गाडी रेंगाळते आणि समुद्राकाठचे प्लॉट, दागिन्यांची पेढी, पुढाऱ्यांचे वाढदिवस असे सगळे सावकाश वाचले जाते. म्हणून नाक्यावरच्या जागेला भाव अधिक.

पण नाक्यावर माणसेही थांबतात. वडापावची गाडी, रिक्षाथांबा, एसटीची वाट पाहणारे प्रवासी. जिथे फलक सर्वाधिक वाचला जातो, तिथेच त्याच्याखाली सर्वाधिक माणसे असतात. या विषयाकडे मी वळलो तो जाहिरातीच्या भाषेसाठी. आता मला फलकाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू महत्त्वाची वाटते.

फ्लेक्स ताणलेला सांगाडा म्हणजे जमिनीत रोवलेले शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. 40 बाय 20 फुटांच्या फलकावर ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ढोबळ हिशेबाने सव्वा टनाचा रेटा बसतो; ताशी 120 किलोमीटरला पाच टनांचा. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा वारा याच पल्ल्यातला होता. फलक जितका उंच, तितका हा रेटा पायाला अधिक उखडतो. त्यात आपली खारी हवा. खांब काँक्रीटला जिथे भिडतो, तिथले बोल्ट गंजतात आणि वरचा रंग मात्र ताजा दिसतो.

13 मे 2024 रोजी घाटकोपरला छेडानगरजवळ फलक कोसळला तो पेट्रोल पंपावर. 17 माणसे गेली. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची. तो फलक होता 120 बाय 120 फुटांचा, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, आणि आपली परवानगी घेतलीच नव्हती असे महापालिकेचे म्हणणे. जागेचा ताबा एकाकडे आणि तपासणी कोणाकडे हेच ठरलेले नाही, हा प्रश्न महामार्ग, ग्रामपंचायत आणि खासगी शेत यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या फलकांनाही लागू आहे.

उपाय अवघड नाहीत. परवान्याचा क्रमांक, मंजूर मोजमाप आणि बांधकाम-तपासणीची तारीख खांबावर डोळ्यांच्या उंचीवर लिहावी, म्हणजे चहा पिणाऱ्यालाही ती वाचता येईल. खांब त्याच्या उंचीइतका तरी रस्त्यापासून आणि वर्दळीपासून दूर असावा. वादळाचा इशारा मिळताच फ्लेक्स काढावे; नुसत्या सांगाड्यातून वारा निघून जातो.

आपल्या किनाऱ्यावरचा तांडेल वारा भरताना पाहून शीड उतरवतो. त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, कारण होडीत तो स्वतः बसलेला असतो. फलकाचा मालक फलकाखाली उभा नसतो. नियमाची गरज पडते ती एवढ्यासाठीच.