विस्मरणावर इराणी केशर?

दिवाळीला थोरल्या वन्सं दुबईहून आल्या, त्या इराणी केशराची डबी घेऊनच. सासूबाईंना वर्षभरापासून विसर पडू लागला आहे. पूजा झाली तरी पुन्हा आंघोळीला निघतात! डॉक्टरांनी डोनेपेझिलची गोळी सुरू केली आहे. वन्सं म्हणाल्या, “अगं, इराणात याची परीक्षा झालीय. गोळ्या बंद कर नि आईला हेच दे. तूही घेत जा, म्हणजे पुढे विसर पडायचा नाही.”

आता मोठ्या नणंदेला नाही कसं म्हणायचं? दुपारी शाळा सुटल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीला गाठलं.

परीक्षा झाली हे खरं. विस्मरणावर वनस्पती देण्याची इराणी हकिमांची परंपरा फार जुनी. इब्न सिनाच्या काळापासून (मृत्यू १०३७, हमादान) ते कुंदर, म्हणजे साळईच्या जातीच्या झाडाचा डिंक, देत आले. तेहरानच्या डॉक्टरांनी अशी जुनी औषधं नव्या पद्धतीने तपासायला घेतली. २०१० साली केशराचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्यात ४६ रुग्ण, १६ आठवडे. निम्म्यांना केशराच्या अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. केशरवाले चाचण्यांत सरस ठरले. दुसऱ्यात ५४ रुग्ण, २२ आठवडे आणि समोर चक्क आमच्या सासूबाईंचीच गोळी! गुण जवळपास सारखाच, उलट्या मात्र केशराने कमी.

ऐकून मी हरखलेच. मैत्रीण म्हणाली, “थांब जरा. माणसं किती? आणि ती सगळी आधीच अल्झायमर झालेली. धडधाकट बाईनं केशर खाल्लं तर आजार टळतो का, हे पाहायला हजारो माणसं नि कित्येक वर्षं लागतील. या प्रयोगांत तो प्रश्नच नव्हता. शिवाय डोनेपेझिलनं तरी आजार कुठे बरा होतो? थोडा आधार मिळतो, एवढंच.”

मैत्रिणींनो, आणखी एक. प्रयोगातला अर्क मोजून भरलेला, दिवसाला ३० मिलिग्रॅम. आपण दुधात खलतो ते निराळं. आणि बाजारात तर मक्याचे केस नि करडईच्या पाकळ्या रंगवून केशर म्हणून खपवतात.

वन्संना सांगितलं. जरा फुगल्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, हे त्यांना पटलं. भाऊबीजेला ते केशर बासुंदीत घातलं. सासूबाईंनी वाटी संपवून विचारलं, “केशर कुणी आणलं गं?” वन्संनी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. वन्संनी पुन्हा सांगितलं.